सहा संगणक, बारा हजार रुपये: स्वस्त एसएसडीच्या खरेदीचं एक प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं कर सल्लागाराचं कार्यालय. त्याहून जास्त ओळख देत नाही, कारण पुढे त्यांच्या अशिलांच्या कागदपत्रांचाही विषय येणार आहे. सहा डेस्कटॉप, सगळे २०१५ ते २०१७ या काळात घेतलेले. चौथ्या ते सहाव्या पिढीचे आय-थ्री प्रोसेसर, रॅम कुठे चार तर कुठे आठ जीबी, आणि प्रत्येकात पहिल्या दिवसापासूनची हार्ड डिस्क. कामं ठरलेली: टॅलीत अशिलांचे हिशेब लिहायचे, महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रं भरायची, आणि जुलैत आयकराची जत्रा. सकाळी बटण दाबून माणसं चहाला जायची आणि परत आल्यावरही टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात शंभर टक्केच दिसायचं.

मे २०२३ मध्ये सरांनी, म्हणजे त्या कर सल्लागारांनी, ठरवलं की जुलैच्या आत काहीतरी करायचंच. नवे संगणक घ्यायचे नव्हते. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिप्सवर माहिती ठेवणारा ड्राइव्ह, घालायची, एवढाच बेत. बजेट बारा हजार, म्हणजे नगामागे दोन हजार. यंत्रं जुनी असल्यामुळे एनव्हीएमई या नव्या, वेगवान प्रकारच्या ड्राइव्हचा खाचा कुठेच नव्हता, त्यामुळे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणाऱ्या अडीच इंची साटा ड्राइव्हशिवाय पर्याय नव्हता. वेळ तशी बरी होती. २०२२ पासून फ्लॅश मेमरीचे भाव सतत पडत होते आणि २०२३ च्या मध्यावर ते तळाला आले होते. दुकानदाराला विचारल्यावर त्याने फोनवरच तीन दर सांगितले.

पहिला, नाव कधी न ऐकलेल्या ब्रँडचा २५६ जीबी, साधारण ११०० रुपये, "तीन वर्षं वॉरंटी, मी बसलोय ना इथं". दुसरा, माहीत असलेल्या ब्रँडचा सगळ्यात खालचा प्रकार, २४० जीबी, साधारण १६०० रुपये, वॉरंटी तीन वर्षं, पण कंपनीची. तिसरा, त्याच दर्जाच्या नावाचा वरचा प्रकार, आत डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची वेगवान, तात्पुरती मेमरी) असलेला, ५०० जीबी, साधारण ४००० रुपये, वॉरंटी पाच वर्षं.

सर म्हणाले, "अहो, विंडोज आणि टॅलीच तर चालवायचीय. हजारवाली घाला की सगळ्यांना. उरलेल्या पैशात प्रिंटरचा ड्रम येईल."

या म्हणण्यात वेडेपणा काहीच नव्हता. महागच घ्या, स्वस्तात फसाल, असा सल्ला द्यायला काही लागत नाही, कारण पैसे आपले नसतात. या कार्यालयासाठी हजार आणि सोळाशेमधला फरक नक्की कशाचा आहे, आणि सोळाशे आणि चार हजारांमधला कशाचा, हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवायचे होते.

आधी माहिती कुठे आहे ते पाहिलं

कार्यालयाची समजूत अशी होती की सगळं महत्त्वाचं एकाच यंत्रावर आहे. कोपऱ्यातल्या संगणकावर टॅलीचा डेटा असलेलं फोल्डर होतं आणि बाकीचे पाच नेटवर्कवरून त्यात लिहायचे. त्याला सगळे 'सर्व्हर' म्हणत, होता मात्र तो बाकीच्यांसारखाच साधा डेस्कटॉप. समजूत अर्धी खरी निघाली. प्रत्येक टेबलावरच्या यंत्राच्या डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये अशिलांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट, फॉर्म १६, खरेदी-विक्रीच्या एक्सेल फाइल्स वर्षानुवर्षं साचल्या होत्या. ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडमच्या यंत्रावर तर एका कापड व्यापाऱ्याची सगळी जुनी बिलं होती, स्कॅन केलेली, आणि मूळ बिलं त्या व्यापाऱ्याकडेही नव्हती.

बॅकअप होता. सर दर शनिवारी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि तो पेनड्राइव्ह त्याच संगणकाच्या मागे लावून ठेवायचे.

खरेदीचा विचार इथेच बदलला. एसएसडी जाण्याची तऱ्हा हार्ड डिस्कपेक्षा वेगळी असते. हार्ड डिस्क बहुतेक वेळा कुरकुरते, टक-टक आवाज करते, फाइल उघडायला वेळ लावते, आणि शहाणा माणूस तेवढ्यात कॉपी काढून घेतो. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे बाकी चिप्सचा कारभार पाहणारी चिप, गेला की काल संध्याकाळी बंद केलेला संगणक आज सकाळी "बूट डिव्हाइस नाही" एवढंच सांगतो. काही स्वस्त ड्राइव्ह मरताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पडद्यावर, स्वतःच्या नावाऐवजी 'सॅटाफर्म एस११' असं दाखवतात. फायसन कंपनीच्या एस११ या कंट्रोलरची ही खूण दुरुस्तीवाल्यांना पाठ आहे. चिप्सवर माहिती असते, पण ती कुठे काय ठेवलंय याचा तक्ता वाचता येत नाही. ती काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण त्यांचं बिल ड्राइव्हच्या किमतीच्या कित्येक पट होतं, आणि यश येईलच असं तेही लिहून देत नाहीत.

टीबीडब्ल्यूच्या आकड्याला किती मान द्यायचा

दुकानात विश्वासार्हतेचा विषय निघाला की हमखास हा आकडा पुढे येतो. ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिलं जाईपर्यंत कंपनी जबाबदार, ते हा आकडा सांगतो. सोळाशेच्या ड्राइव्हच्या पत्रकावर ८० होता, चार हजारांच्या ३००. जवळपास चौपट टिकाऊ, असं कुणालाही वाटेल.

आता कार्यालयाचा हिशेब मांडू. टॅली, ब्राउझर, पीडीएफ आणि विंडोजचे अपडेट धरून अशा यंत्रावर दिवसाला १५ जीबी लिहिलं जातं असं सढळ हाताने मानलं आणि वर्षाचे ३०० कामाचे दिवस घेतले, तर वर्षाला साडेचार टेराबाइट. ८० टेराबाइट संपायला सतरा वर्षांहून जास्त लागतील. तोवर ही यंत्रं तर सोडाच, कदाचित आयकराचा कायदाही दोनदा बदललेला असेल. म्हणजे या ग्राहकासाठी ८० आणि ३०० यांत काहीच फरक नाही. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला किंवा चोवीस तास सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्याला असतो.

लिहून लिहून झिजल्यामुळे कार्यालयातला एसएसडी मेला, असं क्वचितच घडतं. मारणारी कारणं वेगळी आहेत: कंट्रोलरमधला बिघाड, फर्मवेअरमधली (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमधली) चूक, हलक्या प्रतीच्या चिप्स, आणि अचानक गेलेली वीज. यातल्या फर्मवेअरच्या चुका किमतीचं तोंड पाहत नाहीत. इंटेलची ३२० ही मालिका आपल्या काळातली भरवशाची गणली जायची. २०११ मध्ये वीज अचानक गेल्यावर त्यातले काही ड्राइव्ह आपली क्षमता फक्त ८ एमबी दाखवायला लागले. क्रुशियलचे एम४ ड्राइव्ह ५१८४ तास चालून झाले की दर तासाला संगणक गोठवायचे, त्यावरचं फर्मवेअर जानेवारी २०१२ मध्ये आलं. सगळ्यात बोलकं उदाहरण सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या कंपनीने ग्राहकांना कळवलं की तिच्या सर्व्हरमधले काही एसएसडी ३२,७६८ तास पूर्ण झाले की बंद पडतील आणि त्यावरची माहिती परत मिळणार नाही. ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. दोनाचा पंधरावा घात म्हणजे ३२,७६८, त्यामुळे तास मोजणारा आकडा तिथे उलटत होता हे उघड आहे. लाखोंच्या सर्व्हरमधला माल होता तो.

मग जास्त पैसे देऊन मिळतं काय? या तिन्ही वेळा कंपनीने चूक मान्य केली आणि दुरुस्त फर्मवेअर दिलं. अकराशेच्या ड्राइव्हच्या डब्यावर जी वेबसाइट छापली होती, तिच्यावर फर्मवेअर नावाचं पानच नव्हतं. चूक सापडली तर सांगणार कोण आणि सुधारणार कोण, हा प्रश्न तिथे उभाच राहत नाही. दुकानदार बसलाय हे खरं, पण तो ड्राइव्ह बदलून देईल, सुधारून कसा देणार?

नाव तेच, आतला माल वेगळा

मात्र सोळाशेचा नामांकित ड्राइव्ह म्हणजे आत काय आहे ते पक्कं ठाऊक, असं समजायला जागा नाही. फ्लॅश चिप्स बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया आणि तिची भागीदार सॅनडिस्क (२०२५ मध्ये वेगळी होईपर्यंत वेस्टर्न डिजिटलचा भाग), शिवाय चीनची वायएमटीसी. बाकीचे सगळे त्यांच्याकडून चिप्स घेतात आणि डबीत भरतात. बाजारात जी चिप आज स्वस्त, ती आज आत जाते. सगळ्यात खालच्या प्रकारात हा बदल सगळ्यात जास्त होतो, कारण तिथे नफा इतका पातळ असतो की चिपच्या भावात थोडा फरक पडला तरी गणित फिरतं.

याची नोंद झालेली उदाहरणं आहेत. किंग्स्टनच्या व्ही३०० मध्ये सुरुवातीला तोशिबाच्या वेगवान चिप्स होत्या आणि परीक्षणं त्यांच्यावरच झाली. नंतर त्याच नावाखाली मायक्रॉनच्या संथ प्रकारच्या चिप्स आल्या. २०१४ मध्ये परीक्षकांनी हे उघड केलं. २०२१ हे वर्ष तर अशा बातम्यांचंच होतं. क्रुशियलचा पी२ हा स्वस्त एनव्हीएमई ड्राइव्ह बाजारात आला तेव्हा त्यात टीएलसी चिप्स होत्या, म्हणजे एका पेशीत तीन बिट. पुढे नाव न बदलता क्यूएलसी आल्या, एका पेशीत चार बिट. टॉम्स हार्डवेअरने दोन्ही शेजारी ठेवून मोजलं. कॅश, म्हणजे लिहिताना आधी वापरला जाणारा वेगवान भाग, भरल्यानंतर जुना ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ४५० एमबी लिहीत होता, नवा सुमारे ४०. पेनड्राइव्हचा वेग झाला हा. वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० मध्येही त्याच वर्षी असा बदल झाला, कॅशनंतरचा वेग ६१० वरून ३९० वर आला, आणि ओरड झाल्यावर कंपनीने सांगितलं की यापुढे असा बदल केला तर मॉडेलचं नाव बदलू. सॅमसंगनेही ९७० ईव्हो प्लसचे भाग बदलले, पण पार्ट नंबर आणि माहितीपत्रकही बदललं. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. भाग बदलणं हा गुन्हा नाही, चिप्सच्या पिढ्या बदलतातच. गिऱ्हाइकाला न सांगता बदलणं वाईट.

पी२ मधली गंमत अशी की त्याच्या पत्रकावरची वॉरंटी आणि टीबीडब्ल्यू बदलायची वेळ आलीच नाही. ५०० जीबीला आकडा होता १५०, टीएलसी ड्राइव्हच्या मानाने आधीपासूनच कमी. पत्रकातला आकडा मुद्दाम तोकडा दिसला तर कंपनी आत काय घालण्याची मोकळीक राखून ठेवतेय याचा अंदाज येतो. दुकानात उभं राहून वाचता येणारी खूण म्हणून हिचा उपयोग होतो.

आमच्या प्रकरणात याचा अर्थ असा निघाला की सोळाशेच्या ड्राइव्हची इंटरनेटवरची जुनी परीक्षणं वाचण्यात वेळ घालवायचा नाही. परीक्षण झालेला माल आणि हातात येणारा माल एकच असेल याची खात्री नव्हती. खात्री फक्त तीन गोष्टींची होती: जीएसटीचं बिल, कंपनीच्या साइटवर तपासता येणारा सिरियल नंबर, आणि फर्मवेअरचं पान. अकराशेच्या ड्राइव्हपेक्षा वरचे पाचशे रुपये या तिन्हींचे होते.

लाइट

निर्णयाच्या आधी यंत्रांच्या खाली पाहिलं तेव्हा सहापैकी तीन यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या निघाल्या. लाइट गेली की हे तीन संगणक त्याच क्षणी बंद पडायचे. पावसाळ्यात तालुक्याच्या गावी दिवसातून किती वेळा लाइट डोळे मिचकावते ते इथल्या माणसाला सांगायला नको.

एसएसडीत लिहिणं म्हणजे नुसतं लिहिणं नसतं. कोणता तुकडा कुठल्या चिपवर आहे याचा तक्ता सतत बदलत असतो, आणि मागे राहिलेली साफसफाई ड्राइव्ह फावल्या वेळात आपोआप करत असतो, तुम्ही काही लिहीत नसलात तरी. नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर तक्ता अर्धवट राहू शकतो. सर्व्हरच्या महागड्या ड्राइव्हमध्ये यासाठी कपॅसिटर बसवलेले असतात, जे हातातलं काम पुरं करण्याएवढी वीज पुरवतात. घरगुती ड्राइव्हमध्ये, सोळाशेच्या काय आणि चार हजारांच्या काय, तसा पूर्ण बंदोबस्त सहसा नसतो. डीरॅम नसलेल्या साटा ड्राइव्हमध्ये तक्त्याचा बराचसा भाग थेट फ्लॅशवरच वाचला-लिहिला जातो. एनव्हीएमई ड्राइव्हला निदान संगणकाच्या रॅममधला थोडा तुकडा उसना घेता येतो, साटाला तीही सोय नाही.

म्हणून सरांना सांगितलं, की या कार्यालयात ड्राइव्हचं आयुष्य वाढवणारा सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिसाची बॅटरी. नगाला साधारण ९५० रुपये. तीन बॅटऱ्यांचे २८५० झाले. बजेटबाहेर जात होतं. सर थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "हे एसएसडीच्या खात्यात धरू नका, लाइटबिलाच्या खात्यात टाका." हिशेबाच्या माणसाने काढलेली ही वाट मला आवडली.

काय घेतलं

पाच टेबलांवरच्या यंत्रांना सोळाशेचे २४० जीबी. कोपऱ्यातल्या टॅलीच्या यंत्राला चार हजारांचा ५०० जीबी. आठ आणि चार, बरोबर बारा हजार.

पाच यंत्रांना चार हजारांचा ड्राइव्ह का नाही, तर तिथे त्याचा उपयोग होणार नव्हता. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलं की वेगातली मोठी उडी तिथेच मिळते. डीरॅममुळे पुढे जो फरक पडतो तो टॅलीत नोंद करणाऱ्याला जाणवत नाही. शिवाय विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मोफत अपडेट मिळणार नाहीत हे मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केलं होतं, आणि या पिढ्यांच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. यंत्रच अडीच वर्षांचं सोबती असेल तर पाच वर्षांच्या वॉरंटीसाठी पैसे मोजण्यात हशील नव्हतं.

टॅलीच्या यंत्राला महागडा ड्राइव्ह घेण्याचं कारण निव्वळ विश्वासार्हता हेही नव्हतं. पाच यंत्रं एकाच वेळी त्यावर लिहिणार होती आणि तिथे डीरॅमचा उपयोग होता. शिवाय यंत्र बदललं तरी तो ड्राइव्ह नव्यात टाकता येणार होता.

उरली माहितीची गोष्ट. तिच्यासाठी वेगळा खर्च लागला नाही. टॅलीच्या यंत्रातली जुनी एक टीबीची हार्ड डिस्क, जिची स्मार्ट नोंद (डिस्क स्वतःच ठेवते ती प्रकृतीची नोंद) चांगली होती, ती काढलीच नाही. शंभर रुपयांच्या आतली एक साटा केबल आणून दुसरा ड्राइव्ह म्हणून तिथेच ठेवली आणि संध्याकाळी टॅली बंद झाल्यावर दिवसाची कॉपी तिच्यावर जाईल असं लावून दिलं. टेबलांवरच्या यंत्रांचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर कोपऱ्यातल्या यंत्रावर वळवलं. सरांच्या घरी एक पोर्टेबल हार्ड डिस्क होती, लग्नाचे फोटो असलेली. ती आता दर शनिवारी कार्यालयात येते आणि भरून परत घरी जाते. पेनड्राइव्हला निवृत्ती.

एक गोष्ट तशीच राहिली: डाउनलोड्स. ते फोल्डर वळवलं तर नेटवर्कवर विनाकारण भार येईल आणि कचराही बॅकअपमध्ये जाईल, असं वाटून ते प्रत्येक यंत्रावरच ठेवलं.

माल आल्यावर

सहाही डब्यांची सीलं पाहिली. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख पाहिली. मग एकेक ड्राइव्ह लावून क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तो आधी किती तास चाललाय आणि त्यावर किती लिहिलंय ते तपासलं. नव्या म्हणून विकलेल्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसले तर तो परत द्यायचा, चर्चा करायची नाही. क्षमता खरी आहे का हे पाहायला एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण ड्राइव्ह भरून वाचून काढला. नामांकित ब्रँडचा ड्राइव्ह घेतल्यावर हे कशाला, असं दुकानदाराला वाटलं, पण खोट्या स्टिकरचा माल नामांकित नावांचाच निघतो, अनोळखी नावाची नक्कल करून कुणाला काय मिळणार? दोन टीबी हजार रुपयांत अशा जाहिराती दिसतात त्या ड्राइव्हमध्ये फर्मवेअरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. भरेपर्यंत कळत नाही.

सगळे ठीक निघाले. पाचपैकी दोघांच्या फर्मवेअरचा क्रमांक बाकी तिघांपेक्षा वेगळा होता. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच नावाचे. पूर्ण ड्राइव्ह भरताना ते दोघं उत्तरार्धात बऱ्यापैकी मंदही झाले. या कार्यालयात कुणी एका दमात शंभर जीबी लिहीत नाही, त्यामुळे ते परत करायचं कारण नव्हतं. कुठल्या टेबलावर कुठला क्रमांक गेला ते फक्त वहीत लिहून ठेवलं.

तीन यंत्रांवर जुनी विंडोज क्लोन केली, तिघांवर नवी टाकली. डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर आणि एका जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने जेवढा वेळ खाल्ला, तेवढा सहा ड्राइव्हनी मिळूनही खाल्ला नाही.

पुढे

जुलै २०२३ चा हंगाम विनातक्रार गेला. २०२४ च्या पावसाळ्याच्या शेवटी पाच स्वस्त ड्राइव्हपैकी एक गेला. सकाळी बायोसमध्ये दिसेचना. वेगळ्या फर्मवेअरच्या त्या दोघांपैकी तो नव्हता, तिघांपैकी होता, आणि त्याचा यूपीएस चांगला होता. कारण शोधण्याइतकी साधनं कुणाकडे नव्हती. सहा ड्राइव्हवरून ब्रँडचा न्याय करता येत नाही, एका ड्राइव्हवरून तर नाहीच, म्हणून त्याचं नाव इथे लिहिण्यात अर्थही नाही.

ज्यांच्या टेबलावर तो होता ते दुपारपर्यंत दुसऱ्या यंत्रावर बसले. त्यांचं डेस्कटॉप आणि टॅली कोपऱ्यातल्या यंत्रावर जसंच्या तसं होतं. डाउनलोड्स आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले. पासवर्ड गेल्याचं मॅडमना बरंच वाटलं, कारण अशिलांच्या पोर्टलचे पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवू नका असं त्या कधीपासून सांगत होत्या.

सर म्हणाले, "मग हजारवाला घेतला असता तरी हेच झालं असतं की." त्या पाच टेबलांपुरतं बोलायचं तर हे जवळपास खरं आहे. एकदा माहिती दुसरीकडे सुरक्षित ठेवली की अकराशे आणि सोळाशेमधलं अंतर खूप आकसतं. फरक उरतो तो वॉरंटीचा, आणि तीन वर्षांतली दीड वर्षं अजून शिल्लक होती. एक जण ड्राइव्ह आणि बिल घेऊन निघालाही.

मॅडमनी त्याला दारात थांबवलं. त्या ड्राइव्हच्या डाउनलोड्समध्ये जुलैच्या हंगामातले पॅन, आधार आणि बँकेची स्टेटमेंट होती. संगणकाला दिसत नसलेला ड्राइव्ह पुसता येत नाही. यंत्रात विंडोजची होम आवृत्ती होती, बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरची माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ न देणारी विंडोजची सोय, लावलेला नव्हता. तो डबीत घालून कुरियर केला तर कुठल्या टेबलावर उघडला जाईल, आणि चिप्स काढून कुठे पुन्हा वापरल्या जातील, हे आपल्याला कळणार नाही. जुन्या हार्ड डिस्क भंगारवाल्याला न देण्याचा नियम मॅडमनी त्या काढल्या दिवशीच केला होता, हा ड्राइव्ह त्याच नियमात बसत होता.

सरांनी बिल परत फाइलला लावलं. ड्राइव्हचं कव्हर उघडून आतल्या चिप्स पक्कडीने फोडल्या. तोवर भाव चढले होते, कारण उत्पादकांनी २०२३ मध्ये उत्पादन आवरतं घेतलं होतं. त्याच प्रकारचा नवा ड्राइव्ह दोन हजारांच्या आसपास पडला. हे खातं मात्र लाइटबिलात टाकता आलं नाही. त्याच आठवड्यात पाचही यंत्रांवर डाउनलोड्सचं फोल्डर कोपऱ्यातल्या यंत्राकडे वळवलं, नेटवर्कवर भार पडला तर पडला. ज्या दोन यंत्रांवर विंडोज प्रो होती तिथे बिटलॉकर सुरू केला आणि त्याच्या किल्ल्या छापून सरांच्या कपाटात ठेवल्या. बाकी तिघांवरची वॉरंटी आहे, पण वापरायची नाही असं धरूनच चालायचं ठरलं.